डीबीएमएस (डेटाबेस मॅनेजमेंट सिस्टिम) विषयाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न (सबमिशनच्या आदल्या रात्री येणारेही)

दर वर्षी बॅच बदलते, प्रश्न तेच राहतात. लॅबमध्ये, कॅन्टीनमध्ये आणि रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. इंजिनिअरिंग, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, बीसीए, एमसीए असं कुठेही असाल तरी विषयाचा गाभा एकच असतो. युनिटचे क्रमांक तेवढे आपापल्या सिलॅबसमध्ये बघून घ्या.

सर, डीबीएमएस म्हणजे एसक्यूएलच ना?

नाही. एसक्यूएल ही डेटाबेसशी बोलण्याची भाषा आहे. काय बोलायचं, हा विषय वेगळा. कुठली माहिती साठवायची, ती कुठे एकदाच लिहायची, दोघांनी एकाच वेळी बदलली तर काय करायचं आणि मध्येच लाईट गेली तर काय उरलं पाहिजे, या चार गोष्टी म्हणजे डीबीएमएस. एसक्यूएल पंधरा दिवसांत हाताला बसते. बाकीच्याला सेमिस्टर पुरत नाही.

हे सगळं एक्सेलमध्ये होतं की. मग एवढा खटाटोप कशाला?

एकट्यापुरतं होतं. एक्सेलच्या फाईलचं नाव जेव्हा "फायनल_नवीन_२_खरं" असं होतं, तेव्हा डेटाबेसची गरज सुरू झालेली असते. एक्सेलला तुम्ही जन्मतारखेच्या रकान्यात "माहीत नाही" लिहिलंत तरी ते निमूटपणे घेतं. डेटाबेस तिथेच हात धरतो, आणि हे हात धरणंच आपल्याला हवं असतं.

"रिलेशनल" म्हणजे टेबलांची एकमेकांशी असलेली नाती, बरोबर?

ओरलला दहांतले आठ जण हेच उत्तर देतात आणि एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) गालातल्या गालात हसतात. रिलेशन हा गणितातला शब्द आहे. संचांच्या कार्टेशियन गुणाकाराचा उपसंच म्हणजे रिलेशन. आपल्या भाषेत सांगायचं तर टेबल हेच रिलेशन. दोन टेबलांना जोडणाऱ्या दोरीला रिलेशनशिप म्हणतात, आणि ती ईआर (एन्टिटी-रिलेशनशिप) मॉडेलमधली, म्हणजे वस्तू आणि त्यांचे संबंध चित्रात मांडण्याच्या पद्धतीतली संज्ञा आहे.

एडगर कॉड हा आयबीएमच्या सॅन होजे इथल्या संशोधन प्रयोगशाळेत काम करणारा, मुळात गणिताचा माणूस. १९७० मध्ये त्याने जो निबंध छापला त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं: माहिती डिस्कवर कशी ठेवली आहे हे वापरणाऱ्याला कळण्याची गरजच पडू नये. त्याआधीच्या पद्धतीत प्रोग्राम लिहिणाऱ्याला एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीवर पॉइंटर धरून चालत जावं लागे. साठवणीची रचना बदलली की प्रोग्रामही पुन्हा लिहा. कॉड म्हणाला, सगळं टेबलांत मांडा आणि काय हवं ते सांगा, कसं शोधायचं ते यंत्र बघेल. १९८१ मध्ये त्याला ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

त्याचे "बारा नियम" ओरलला विचारतात. ते शून्यापासून बारापर्यंत मोजलेले आहेत, म्हणजे एकूण तेरा. हे सांगितलंत तर एक्स्टर्नल मान वर करून बघतात.

ईआर डायग्राम काढताना कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही.

घरात सातबारा असेल तर तो काढा. गोव्यातल्यांनी फॉर्म एक-चौदा घ्यावा. मी थट्टा करत नाही. ईआर समजावायला मला याहून चांगला कागद अजून सापडलेला नाही.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एकत्र. वरच्या भागात गट क्रमांक, क्षेत्र, आकार, खातेदारांची नावं, इतर हक्क. खालच्या भागात कुठल्या वर्षी, कुठल्या हंगामात, कुठलं पीक किती क्षेत्रावर. आता घरातल्या मोठ्यांना विचारा, "आजोबांच्या नावावर किती गट आहेत?" तीन, चार असतील. पुढे विचारा, "या एका गटावर नावं किती?" आजोबा, त्यांचे दोन भाऊ, एक आत्या. झालं. एका खातेदाराचे अनेक गट, एका गटाचे अनेक खातेदार. यालाच मेनी-टू-मेनी म्हणतात.

मग प्रत्येकाचा हिस्सा कुठे लिहायचा? खातेदाराच्या चौकटीत लिहिला तर प्रत्येक गटात हिस्सा वेगळा असतो. गटाच्या चौकटीत लिहिला तर चार माणसं आहेत. हिस्सा एकट्या माणसाचाही नाही आणि एकट्या जमिनीचाही नाही, तो त्या दोघांमधल्या संबंधाचा आहे. डायग्राममध्ये तो संबंध दाखवणाऱ्या समभुज चौकोनाला चिकटतो आणि टेबलं करताना त्या चौकोनाचंच तिसरं टेबल होतं: गट क्रमांक, खाते क्रमांक, हिस्सा. मुलं नेमकं हेच टेबल विसरतात आणि मग "खातेदार१, खातेदार२, खातेदार३" असे रकाने पाडत बसतात. चौथा भाऊ निघाला की टेबल मोडतं.

याच माहितीचा गाव नमुना आठ-अ हा दुसरा कागद असतो. तो गटाप्रमाणे नसून खातेदाराप्रमाणे असतो: या माणसाच्या गावात कुठकुठल्या जमिनी. माहिती तीच, फक्त दुसऱ्या बाजूने बघितलेली. डेटाबेसमध्ये याला व्ह्यू म्हणतात. कागदाच्या काळात दोन्ही हाताने लिहावं लागायचं, म्हणून दोन्हींत फरक पडायचा. तो फरक पडू नये म्हणूनच हा विषय आहे.

ईआर मॉडेल पीटर चेन यांनी १९७६ मध्ये मांडलं. चिन्हांच्या पद्धती दोन-तीन आहेत, तुमच्या सरांनी शिकवलेलीच पेपरात काढा.

प्रायमरी की काय ठेवू? मोबाईल नंबर चालेल का? आधार?

प्रायमरी की म्हणजे प्रत्येक ओळ वेगळी ओळखू येईल असा रकाना (किंवा रकाने). मोबाईल बदलतो, आणि दोघा भावंडांचा एकच असू शकतो. आधार प्रत्येकाकडून मागण्याचा तुम्हाला अधिकारच नाही. मागितलाच तर तो प्रत्येक जोडलेल्या टेबलात पसरेल आणि सांभाळणं जड जाईल. रोल नंबर फक्त एका वर्गात, एका वर्षापुरता वेगळा असतो. पीआरएन (कायमचा नोंदणी क्रमांक) हे विद्यापीठाने याच कामासाठी दिलेलं आहे, ते वापरा. काहीच नसेल तर आपोआप वाढणारा क्रमांक द्या. पण असा क्रमांक दिला म्हणजे काम संपलं असं नाही. "पीआरएन दोनदा येऊ नये" ही अट वेगळी लिहावी लागते, नाहीतर एकच मुलगी ४१ आणि ९७ अशा दोन क्रमांकांनी टेबलात सुखाने नांदते.

सुपर की, कॅन्डिडेट की, प्रायमरी की यांतला फरक एका ओळीत: ओळ ओळखू येईल असा कुठलाही रकान्यांचा संच म्हणजे सुपर की, त्यातला एकही रकाना काढता येत नसेल तर कॅन्डिडेट, आणि कॅन्डिडेटपैकी आपण निवडली ती प्रायमरी.

नॉर्मलायझेशन डोक्यावरून जातं. व्याख्या पाठ आहेत, उदाहरण आलं की गाडी अडते.

नॉर्मलायझेशन म्हणजे एकच माहिती अनेक ठिकाणी लिहिली जाऊ नये म्हणून टेबलाचे तुकडे पाडणं. व्याख्या बाजूला ठेवा आणि मेसची वही घ्या. आमच्या एका बॅचने खरोखर घेतली होती. तिच्यात रकाने असे: मेंबर क्रमांक, नाव, मोबाईल, तारीख, वेळ (सकाळ किंवा रात्र), ताटाचा प्रकार, दर.

आधी की शोधा. मुलं म्हणाली, मेंबर क्रमांक, तारीख आणि वेळ. एक मेंबर एका वेळी एकच ताट घेतो. मी म्हटलं, काकूंना विचारून या. काकू म्हणाल्या, "पाहुणा आला की मेंबरच्याच नावावर दुसरं ताट लिहिते." गेली की! म्हणजे ताटाचा अनुक्रमांक तरी हवा, किंवा पाहुण्यांची संख्या लिहायला वेगळा रकाना. मुलांनी दुसरा मार्ग घेतला. (पाहुण्याला ताट तेच मिळतं, असं काकूंकडून आधी कबूल करून घेतलं.)

आता की पक्की: मेंबर क्रमांक, तारीख, वेळ. बाकीचे रकाने एकेक करून विचारायचे, "तू कोणावर अवलंबून?" नाव आणि मोबाईल म्हणतात, आम्हाला तारखेशी देणंघेणं नाही, आम्ही फक्त मेंबर क्रमांकावर. म्हणजे कीच्या एका तुकड्यावर. इथे सेकंड नॉर्मल फॉर्म मोडतो. पंकजने नंबर बदलला की साठ ओळी बदलायच्या, एक राहिली की पंकजचे दोन नंबर. नाव-मोबाईल वेगळ्या मेंबर टेबलात जातात.

दर म्हणतो, मी ताटाच्या प्रकारावर. साधं ताट ६० रुपये, फीस्ट १२०. प्रकार हा कीचा भाग नाही, म्हणजे कीपासून दरापर्यंत आपण मधल्या माणसामार्फत पोचतोय. इथे थर्ड नॉर्मल फॉर्म मोडतो. काकूंनी नव्या प्रकारचं ताट ठरवलं आणि अजून कोणी खाल्लंच नाही, तर त्याचा दर लिहायला वहीत जागाच नाही. म्हणून दर वेगळ्या टेबलात: प्रकार, दर.

पेपरात इथे थांबलात तर पूर्ण मार्क. पण आमच्या पोरांनी प्रोजेक्ट खरोखर चालवला, आणि दिवाळीनंतर काकूंनी साधं ताट ७० केलं. दर टेबलात ६० चे ७० झाले आणि ऑगस्टची जुनी बिलंही सत्तरच्या हिशेबाने निघाली. हॉस्टेलवर बोंबाबोंब.

चूक कुठे होती? नॉर्मलायझेशनच्या पायऱ्या बरोबर होत्या, सुरुवातीचं वाक्य चुकलं होतं. "प्रकारावरून दर ठरतो" हे खरं नव्हतं. "प्रकार आणि तारीख यांवरून दर ठरतो" हे खरं होतं. दर टेबलात "कधीपासून लागू" हा रकाना घातला आणि भांडण मिटलं. फंक्शनल डिपेंडन्सी (कशावरून काय ठरतं हे नातं) वहीतल्या ओळी बघून ठरवता येत नाही, काकूंना विचारून ठरवावी लागते. ओळी बघून फार तर ती खोटी आहे एवढं सिद्ध करता येतं. पुस्तकातल्या गणितात "ए वरून बी ठरतो" असं आयतं दिलेलं असतं, म्हणून ही सवय लागत नाही.

बॉइस-कॉड नॉर्मल फॉर्म १९७४ चा. त्याचा नियम सर्वांत सुटसुटीत: कुठल्याही डिपेंडन्सीत (ती ए → बी अशी लिहितात) बाणाच्या डावीकडे सुपर कीच हवी. तिथे तुकडे पाडताना कधीकधी एखादी मूळ डिपेंडन्सी जपता येत नाही, म्हणून व्यवहारात बरेच जण थर्ड नॉर्मल फॉर्मवर थांबतात. रेमंड बॉइस त्याच वर्षी, तिशीच्या आतच वारला. एसक्यूएलची पहिली आखणीही त्याने डॉनल्ड चेंबरलिनच्या जोडीने केली होती.

एसक्यूएल म्हणायचं की सिक्वेल?

दोन्ही चालतं. भाषेचं पहिलं नाव सिक्वेलच होतं, ते दुसऱ्या कंपनीचं ट्रेडमार्क निघालं म्हणून अक्षरं कमी केली. १९८६ मध्ये अमेरिकेत मानक झालं ते एसक्यूएल या नावाने.

रिलेशनल अल्जेब्राचा प्रत्यक्षात काय उपयोग? कोणी सिग्मा-पाय लिहीत नाही.

सिग्मा म्हणजे ओळी गाळणं, पाय म्हणजे रकाने निवडणं. तुम्ही लिहीत नाही, डेटाबेस लिहितो. तुमची क्वेरी आत गेली की तिचं अल्जेब्राच्या झाडात रूपांतर होतं. मग ऑप्टिमायझर ठरवतो की आधी गाळायचं की आधी जोडायचं. पोस्टग्रेसमध्ये क्वेरीच्या आधी "एक्स्प्लेन" लिहा, ते झाड डोळ्यांनी दिसतं. गेट परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी हा भाग आणि टपल कॅल्क्युलस अजिबात सोडू नये, दोन्ही सिलॅबसमध्ये आहेत.

क्वेरी चालते, एरर येत नाही, पण उत्तर चुकीचं येतं. का?

एरर आली तर नशीब समजा. चुकीचं उत्तर बिनबोभाट येतं तेच घातक. तीन नेहमीचे खड्डे सांगतो.

पहिला: जॉइनची, म्हणजे दोन टेबलं जोडण्याची, अट विसरणे. ६० विद्यार्थी, ८ विषय, आणि उत्तरात ४८० ओळी. आकडा गुणाकाराचा वाटला की वेअरकडे (अट लिहिण्याच्या जागेकडे) बघा.

दुसरा: ग्रुप बाय, म्हणजे ओळींचे गट पाडणं. "प्रत्येक वर्गातले जास्तीत जास्त मार्क आणि ते मिळवणाऱ्याचं नाव" हे सिलेक्टमध्ये वर्ग, मॅक्स मार्क, नाव असं लिहून मिळत नाही. मार्क टॉपरचे येतात आणि नाव त्या वर्गातल्या कोणाचंही. मायएसक्यूएल पूर्वी हे खपवून घ्यायचं, ५.७ पासून मूळ सेटिंगमध्येच अडवतं. जुन्या व्हिडिओंमध्ये अजून तसंच दाखवलेलं असतं, ते बघून माझ्याकडे येऊ नका.

तिसरा माझा लाडका. मला जर्नल न दिलेल्यांची यादी हवी होती. क्वेरी सोपी: विद्यार्थी टेबलातले असे रोल नंबर, जे जमा टेबलातल्या रोल नंबरांत "नॉट इन" आहेत. निम्म्या वर्गाने जर्नल दिलेलं नव्हतं हे मला दिसत होतं, तरी उत्तर शून्य ओळी. तासभर डोकं खाजवलं. शेवटी कळलं, एका जर्नलवर रोल नंबरच नव्हता आणि मी तो नल म्हणून भरला होता.

नल म्हणजे शून्य नाही, रिकामी जागाही नाही. नल म्हणजे "माहीत नाही". आता डेटाबेसच्या जागी उभे राहा. अकरा नंबरच्या मुलीने जर्नल दिलं नाही, असं छातीठोक सांगता येईल का? ते बेवारस जर्नल तिचं असेल तर? बारा नंबरचं? त्याचंही असू शकतं. म्हणजे कोणाच्याच बाबतीत "नक्की दिलं नाही" म्हणता येत नाही, म्हणून यादी रिकामी. डेटाबेस माझ्यापेक्षा प्रामाणिक निघाला. अशा ठिकाणी "नॉट एक्झिस्ट्स" वापरा. आणि रोल नंबरचा रकाना "नॉट नल" ठेवा, हे मी आधीच करायला हवं होतं.

लॅबला ओरॅकल, घरी मायएसक्यूएल, मित्र म्हणतो पोस्टग्रेस. कुठलं शिकू?

लॅबला आहे ते शिका, घरी पोस्टग्रेस टाका. फुकट आहे, मानकाला धरून चालतं आणि चुकलात तर नीट बोलून सांगतं. मायएसक्यूएल आल्याने बिघडत नाही, वेबच्या जगात ते सगळीकडे आहे. १९९५ पासून आहे, २०१० पासून ओरॅकलच्या मालकीचं. मूळ कर्त्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी त्याची वेगळी फांदी काढली ती मारियाडीबी. दोन्हींना त्यांनी आपल्या मुलींची नावं दिली, माय आणि मारिया. म्हणजे मायएसक्यूएलमधलं "माय" हे "माझं" नव्हे.

लॅपटॉप जुना असेल तर एसक्यूलाईट घ्या. एकच फाईल, इन्स्टॉलेशनची कटकट नाही, आणि तुमच्या ॲन्ड्रॉइड फोनमध्ये ते आत्ताही चालू आहे. फक्त त्यात टाईप तपासणं ढिलं आहे आणि फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या कीकडे बोट दाखवणारा रकाना) तपासणं सहसा आपण होऊन चालू करावं लागतं, हे ध्यानात ठेवा.

मराठी नावं भरली की "????" दिसतं.

कॅरेक्टर सेट चुकलाय. मायएसक्यूएलमध्ये टेबल आणि कनेक्शन दोन्ही "यूटीएफएट एमबीफोर" वर हवेत, ८.० पासून तेच मूळ सेटिंग आहे. एकदा प्रश्नचिन्हं साठवली गेली की मूळ अक्षरं गेली, सेटिंग बदलून परत येत नाहीत. पुन्हा भरा.

मराठीत लांबीचीही गंमत आहे. "लक्ष्मी" हे नाव आपल्याला दोन अक्षरांचं. डेटाबेसला ते सात कॅरेक्टरचं: ल, क, हलन्त, ष, हलन्त, म आणि दीर्घ वेलांटी. देवनागरीचं प्रत्येक कॅरेक्टर तीन बाइट घेतं, म्हणजे एकवीस बाइट. मायएसक्यूएलमध्ये "लेंग्थ" विचारलंत तर २१ सांगेल, "कॅर लेंग्थ" विचारलंत तर ७. नावाच्या रकान्याला २० ची मर्यादा घालून "ज्ञानेश्वर लक्ष्मणराव" भरायला जाल तर अडकाल.

ट्रॅन्झॅक्शन, लॉग, रिकव्हरी हे युनिट कसं लक्षात ठेवू?

ट्रॅन्झॅक्शन म्हणजे पूर्ण तरी व्हावा किंवा मुळीच होऊ नये असा बदलांचा गट; तो पक्का करणं म्हणजे कमिट. पुन्हा तलाठी कार्यालयात चला. जमीन विकली की थेट सातबारावर खाडाखोड होत नाही. आधी गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद पडते. मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. मग तिचा अंमल सातबाऱ्यावर येतो. डेटाबेस हेच करतो: बदल आधी लॉगमध्ये, मग टेबलाच्या पानावर. याला राईट-अहेड लॉगिंग म्हणतात. पानं खराब झाली तरी फेरफार वाचत गेलं की आजचा सातबारा पुन्हा उभा करता येतो. उपमा इथपर्यंतच ताणा. खरा डेटाबेस घाई असेल तर कमिट न झालेला बदलही पानावर उतरवतो, आणि म्हणूनच लॉगमध्ये रीडूबरोबर (बदल पुन्हा करण्याच्या) अनडूची (बदल मागे घेण्याची) माहितीही लागते.

ॲसिडची (ॲटोमिसिटी, कन्सिस्टन्सी, आयसोलेशन, ड्युरेबिलिटी) चार अक्षरं सगळ्यांना येतात. त्यातलं आय, म्हणजे आयसोलेशन (एकाच वेळी चालणारी ट्रॅन्झॅक्शन्स एकमेकांत न मिसळणं), फक्त पाठ केलेलं असतं. दोन खिडक्या उघडा. एकीत ट्रॅन्झॅक्शन सुरू करून एक ओळ बदला, कमिट करू नका. दुसरीत तीच ओळ वाचा, मग बदलून बघा. वाचताना जुनी किंमत दिसते, बदलताना खिडकी थिजते. पहिलीत कमिट मारा, दुसरी सुटते. हे पाच मिनिटांचं काम दहा पानांच्या नोट्सना भारी आहे. पोस्टग्रेसची मूळ पातळी रीड कमिटेड असते, मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवणीच्या इंजिनाची रिपीटेबल रीड, म्हणून दोन्हींत पुढचे निकाल वेगळे दिसतील.

पेपरासाठी: शेड्यूल (ट्रॅन्झॅक्शन्सच्या पायऱ्यांचा क्रम) दिलं की प्रिसिडन्स ग्राफ (कोणाच्या आधी कोण, हे बाणांनी दाखवणारं चित्र) काढा, चक्र सापडलं तर ते कॉन्फ्लिक्ट सीरिअलायझेबल नाही. हे हमखास मार्कांचं गणित आहे.

इंडेक्स लावूनही क्वेरी हळू का?

इंडेक्स म्हणजे शब्दकोशासारखी क्रमाने लावलेली यादी. शब्दकोशात "पाटी" ने सुरू होणारे शब्द चटकन सापडतात. "ईल" ने संपणारे शोधायचे तर पूर्ण कोश वाचावा लागतो. लाईकमध्ये टक्क्याचं चिन्ह सुरुवातीला टाकलंत की इंडेक्सची तीच गत होते. रकान्याला फंक्शनमध्ये गुंडाळलं तरी तेच. तारखेतून वर्ष काढून २०२४ शी तुलना करण्यापेक्षा "१ जानेवारी २०२४ पासून, १ जानेवारी २०२५ च्या आधी" असं लिहा.

इंडेक्स ज्या झाडाच्या रचनेत ठेवतात ते बी-प्लस ट्री बुटकं आणि रुंद असतं, कारण डिस्कवरून एकदा वाचलं की पान अख्खं येतं (पोस्टग्रेसमध्ये ८ केबीचं, इनोडीबीत १६ चं). एका पानात २०० फांद्या धरल्या तर तीन पातळ्यांत ८० लाख नोंदी. बायनरी ट्रीला तेवढ्यासाठी २३ पायऱ्या लागतील.

मिनी प्रोजेक्टला विषय सुचवा. लायब्ररी मॅनेजमेंट चालेल ना?

चालेल, आणि तुमच्या आधीच्या बॅचचं सीनियर लोकांकडून मिळेलही. म्हणूनच नको.

गावच्या दूध डेअरीवर एक सकाळ जा. सभासद, सकाळ-संध्याकाळ, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक), त्यावरून दरपत्रकातला दर, दहा दिवसांचा हिशेब, त्यातून पशुखाद्याची कपात. मेसच्या वहीतला दराचा घोळ इथे दुप्पट आहे, कारण दर फॅट आणि एसएनएफ दोन्हींवर चालतो आणि दरपत्रक बदलत राहतं. एवढ्यात ईआर, की, नॉर्मलायझेशन, ट्रिगर, व्ह्यू सगळं येतं. आणि एक्स्टर्नलनी काहीही विचारलं तरी तुम्ही सांगू शकता, कारण तुम्ही तिथे उभे होता.

रक्कम फ्लोटमध्ये ठेवू नका, डेसिमलमध्ये ठेवा. मोबाईल नंबर हा आकडा नाही, त्याची कोणी बेरीज करत नाही. तो मजकूर आहे.

पुस्तक कुठलं?

सिल्बरशाट्झ, कोर्थ आणि सुदर्शन यांचं "डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स". तिसरे लेखक एस. सुदर्शन हे आपल्याच पवईच्या आयआयटी मुंबईत शिकवतात. २०१९ ची सातवी आवृत्ती चालू आहे, सहावी मिळाली तरी पदवीपुरतं अडत नाही. त्यातला विद्यापीठाचा नमुना डेटाबेस उतरवून घ्या आणि प्रकरणातली प्रत्येक क्वेरी स्वतः टाईप करा. पर्याय एल्मास्री-नवाथे. "युनिटप्रमाणे" लिहिलेली पातळ पुस्तकं पेपराच्या आदल्या दिवसासाठी ठीक आहेत, त्याआधी उघडू नका.

क्वेरी एआय लिहून देतं. मग आम्ही कशाला शिकायचं?

लिहून देतं, बऱ्याचदा बरोबरही देतं. पण माझी ती जर्नलची "नॉट इन" वाली क्वेरीही दिसायला बरोबरच होती. शून्य ओळी बघून "हे शक्य नाही" असं वाटायला वर्गात निम्म्यांनी जर्नल दिलेलं नाही हे माहीत असावं लागतं. आणि पाहुण्याचं ताट कोणाच्या नावावर लिहितात हे काकूंनाच ठाऊक. वापरा, पण ओरलला तुमच्याच क्वेरीतली एक अट काढून "आता काय येईल?" असं मी विचारणार आहे, हे लक्षात ठेवून वापरा.

सर, डिलीट मारलं आणि वेअर लिहायचं राहिलं. काय करू?

आधी कीबोर्डवरून हात काढा. ट्रॅन्झॅक्शन सुरू केलेलं असेल तर "रोलबॅक" लिहा, सगळं परत. केलेलं नसेल तर मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस दोन्ही आपोआप कमिट करतात, म्हणजे गेलं; बॅकअप शोधा. ओरॅकलच्या एसक्यूएल प्लसमध्ये सहसा वाचता, पण मध्ये एखादं क्रिएट टेबल चालवलं असेल तर त्यानेही कमिट होऊन गेलेलं असतं.

पुढच्या वेळी: आधी "बिगिन". मग तीच वेअर लावून सिलेक्ट, किती ओळी येतात ते बघा. मग डिलीट किंवा अपडेट. किती ओळींवर परिणाम झाला तो आकडा वाचा, आणि जुळला तरच कमिट. मी हे एकदा गडबडीत केलं नाही. एका मुलीचे ओरलचे मार्क १६ चे १७ करायचे होते; एंटर दाबलं आणि खाली आलं, "१२० ओळी बदलल्या". संध्याकाळी सहा वाजता लॅबमध्ये बसून सगळ्यांच्या जर्नलवरचे आकडे बघत पुन्हा भरले. शिपाईमामा दोनदा किल्ल्या वाजवून गेले.